मणक्याला मार बसलेल्यांचं लघवीचं इन्फेक्शन : घरच्यांनी माहीत ठेवायच्या सगळ्या गोष्टी

इमारतीच्या परांचीवरून किंवा झाडावरून पडणं, मोटारसायकलचा अपघात, उथळ पाण्यात सूर मारताना मानेला बसलेला मार, मणक्याचा टीबी. कारण काहीही असो, मज्जारज्जूला इजा झाली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष पायांकडे लागतं. माणूस पुन्हा चालेल का, हाच प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लघवीचा प्रश्न मात्र मागे पडतो. नळी घातली आहे, काम भागलं, असं वाटतं. पण अशा रुग्णाला पुढच्या आयुष्यात वारंवार दवाखान्यात नेणाऱ्या कारणांमध्ये लघवीचं इन्फेक्शन अगदी वरच्या जागी असतं. एके काळी मज्जारज्जूच्या इजेतून वाचलेली माणसं काही वर्षांतच किडन्या निकामी होऊन जात असत. आज ते टाळता येतं. त्यासाठी रुग्णाइतकीच घरच्यांनाही माहिती हवी, म्हणून आम्ही ती इथे एकत्र दिली आहे. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरायची नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर काय विचारायचं आणि घरी काय पाहायचं, ते कळावं एवढाच हेतू आहे.

इजेनंतर नेमकं काय बिघडतं

किडन्या दिवसरात्र लघवी तयार करतात आणि ती मूत्राशयात साठते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते भरलं की मज्जारज्जूतून मेंदूला निरोप जातो. मेंदूने परवानगी दिली की मूत्राशय आकुंचन पावतं आणि त्याच वेळी खालचा स्नायूंचा दरवाजा उघडतो. या कामाचं खालचं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशी असतं. मधेच इजा झाली की वरचा आणि खालचा संबंध तुटतो.

सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय बहुधा पूर्ण सुस्त असतं. पुढे इजा कुठे आहे यावर दोन प्रकार दिसतात. मान किंवा छातीच्या पातळीवर इजा असेल तर मूत्राशय मेंदूचं न ऐकता आपोआप आवळू लागतं. त्यातही पंचाईत अशी, की मूत्राशय आवळतं त्याच वेळी खालचा दरवाजाही घट्ट मिटतो. आत दाब वाढतो आणि लघवी उलटी किडनीकडे चढू शकते. कमरेच्या पातळीवर इजा असेल तर मूत्राशय ढिलं पडतं, भरत राहतं, आणि जास्त झालं की थेंब थेंब गळतं. दोन्ही प्रकारांत लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढायला वेळ मिळतो.

आपोआप गळतंय म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय, ही समजूत आम्ही अनेकदा ऐकतो. ती खरी नाही. कपडे ओले होत असतानाही आत अर्धा लिटर लघवी साचलेली असू शकते. काही ठिकाणी पोट दाबून लघवी काढायची सवय लावली जाते. त्याने आतला दाब वाढतो आणि लघवी किडनीकडे जाण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितल्याशिवाय हे करू नये.

जंतू येतात कुठून

बहुतेक वेळा हे जंतू आपल्याच आतड्यातले असतात. ई. कोलाय हा सर्वात परिचयाचा. त्याशिवाय क्लेबसिएला, प्रोटियस, स्युडोमोनास, एंटरोकोकस हेही कल्चरच्या रिपोर्टमध्ये दिसतात. संडासच्या जागेवरून ते लघवीच्या मार्गाशी येतात आणि नळीबरोबर आत जातात. प्रोटियससारखे जंतू लघवीचं रसायन असं बदलतात की त्यातून खडे तयार होतात. मग खड्यात जंतू लपतात आणि औषध दिलं तरी इन्फेक्शन परत परत येतं.

कायम ठेवलेल्या नळीवर जंतूंचा एक चिकट थर बसतो. औषध त्या थराच्या आतपर्यंत नीट पोहोचत नाही. नळी महिनाभर आत राहिली की जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत जंतू सापडतात. म्हणून रिपोर्टमध्ये जंतू दिसणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

लक्षणं नेहमीसारखी नसतात

तुम्हा-आम्हाला लघवीचं इन्फेक्शन झालं की जळजळ होते, ओटीपोटात दुखतं. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही त्याला हे कळत नाही. त्याचं शरीर वेगळ्या खुणा दाखवतं. घरच्यांनी या खुणा पाठ कराव्यात :

- ताप आणि थंडी वाजून येणं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर थांबू नये.
- दोन वेळच्या नळीच्या मध्ये एरवी गळत नसताना अचानक गळू लागणं, किंवा कायम नळी असताना नळीच्या बाजूने लघवी येणं.
- पायांचं आखडणं, झटके येणं नेहमीपेक्षा वाढणं.
- अंगात त्राण नसणं, सुस्ती, जेवण नको वाटणं, 'आज काहीतरी बरं वाटत नाही' असं म्हणणं.
- पाठीत किंवा ओटीपोटात जडपणा, अस्वस्थता (काही प्रमाणात संवेदना शिल्लक असेल तर).
- लघवीत रक्त येणं.
- लघवी अचानक गढूळ होऊन वास वाढणं, आणि त्यासोबत वरीलपैकी काही तरी असणं.
- डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम सुटणं. हे तातडीचं लक्षण आहे.

वयस्कर रुग्ण गोंधळल्यासारखे बोलू लागले तर तेही गंभीर समजावं. ताप, थंडी, उलट्या, श्वास जोरात चालणं, बीपी कमी होणं असं असेल तर इन्फेक्शन रक्तात गेल्याची शक्यता असते. अशा वेळी 'सकाळी बघू' म्हणू नये. रात्री दोन वाजता असेल तरी हॉस्पिटल गाठावं.

नुसती गढूळ लघवी म्हणजे आजार नव्हे

हा मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. नळी वापरणाऱ्या माणसाची लघवी कधी गढूळ असते, कधी वास मारते. कमी पाणी प्यालं तरी असं होतं. रिपोर्टमध्ये पस सेल्स आणि जंतू दिसतात. रुग्णाला ताप नाही, झटके वाढले नाहीत, गळती नाही, तो नेहमीसारखा आहे, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नये, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. अशा जंतूंना औषध दिलं की कमजोर जंतू मरतात आणि ताकदवान शिल्लक राहतात. पुढच्या वेळी खरंच ताप येतो तेव्हा गोळी लागू पडत नाही, महागडी इंजेक्शनं लागतात आणि ॲडमिट व्हावं लागतं.

याला मुख्य अपवाद दोन. गरोदर बाईच्या लघवीत जंतू सापडले तर लक्षण नसतानाही उपचार करतात. लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर आधी औषध देतात.

बरं वाटत असताना दर महिन्याला 'युरिन रुटीन' करून रिपोर्ट घेऊन धावपळ करण्याची म्हणूनच गरज नसते. मेडिकल दुकानातून मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या आणणं, उरलेल्या चार गोळ्या घेणं, शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध घेणं, हे सगळं थांबवायला हवं. आज दोनशे रुपयांत भागतं, पण उद्या किडनीवर बेततं.

जिवावर बेतणारी एक स्थिती

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, म्हणजे मानेला किंवा छातीच्या वरच्या भागाला मार असेल, तर बीपी अचानक भडकण्याचा धोका असतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. बहुतेक वेळा कारण असतं भरलेलं मूत्राशय, पिळलेली किंवा बंद पडलेली नळी, लघवीचं इन्फेक्शन किंवा खडा. संडास साचणं हेही मोठं कारण आहे.

अशा रुग्णांचं एरवीचं वरचं बीपी ९० ते ११० च्या आसपासच असतं. त्यामुळे १४० दिसलं तर दवाखान्यातल्या माणसालाही ते फार वाटत नाही. पण नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलं तरी या रुग्णासाठी ते धोक्याचं आहे. उपचार झाला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

काय करायचं :

- रुग्णाला ताबडतोब बसतं करा, पाय खाली सोडा. आडवं ठेवू नका.
- नाडी, पट्टा, घट्ट कपडे, बॅगचे पट्टे सैल करा.
- कायम नळी असेल तर ती कुठे पिळली, दबली आहे का पाहा. नळी बंद असेल तर ती बदलावी लागते.
- नळी नसेल तर लगेच नळी घालून मूत्राशय रिकामं करा.
- तरी पाच-दहा मिनिटांत आराम पडला नाही तर हॉस्पिटलला न्या. तिथे स्पष्ट सांगा की याला मणक्याची वरची इजा आहे आणि याचं नेहमीचं बीपी इतकं असतं.

रुग्णाचं नेहमीचं बीपी आणि इजेची पातळी एका कार्डावर लिहून व्हीलचेअरच्या खिशात ठेवावी, असं आम्ही सुचवतो.

तपासणी नीट कशी करायची

लक्षणं दिसली की अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवी कल्चरला द्यावी. औषधाचा एक डोस गेल्यावर कल्चरचा निकाल बिघडू शकतो. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात कोणता जंतू आणि कोणतं औषध चालेल हे लिहिलेलं असतं. रुग्णाची तब्येत नाजूक असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज असेल तर बदलतात.

नमुना युरिन बॅगमधून कधीही घेऊ नये. बॅगेत तासन्‌तास जंतू वाढलेले असतात. कायम नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती काढून नवी घालतात आणि नव्या नळीतून नमुना घेतात. नळी बदलल्याने उपचारही चांगला लागू पडतो. नमुना लॅबमध्ये तासाभरात पोहोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा.

औषध साधारण ७ दिवस चालतं. उशिरा गुण आला तर १० ते १४ दिवस. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करायच्या नाहीत. वर्षातून अनेकदा इन्फेक्शन होत असेल तर प्रत्येक वेळी नवीन गोळी घेऊन भागणार नाही. खडा आहे का, लघवी उलटी चढते का, मूत्राशयातला दाब किती आहे, नळीची पद्धत चुकते आहे का, हे शोधावं लागतं. ते काम युरोलॉजिस्टचं.

ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढणे

हात चालत असतील तर आज हीच पद्धत सर्वात चांगली मानतात. दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालायची, लघवी पूर्ण काढायची आणि नळी बाहेर घ्यायची.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. लघवीच्या नळ्या फार जुन्या. अंदालुसियातले मशहूर शल्यवैद्य अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी चांदीच्या बारीक गुळगुळीत नळीचं वर्णन केलं आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला आणि निर्जंतुक पद्धतीने वेळेवर नळी घालण्याचा आग्रह धरला. पुढे पॅरालिम्पिक ज्यातून उभं राहिलं ते खेळही त्यांनीच सुरू केले. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की घरी साध्या स्वच्छ हातांनी, निर्जंतुक हातमोज्यांशिवायही ही पद्धत सुरक्षित आहे. मूत्राशय वेळेवर रिकामं होणं जास्त महत्त्वाचं, हा त्यांचा मुद्दा होता. यामुळेच लाखो माणसं हॉस्पिटलच्या खाटेवरून घरी आणि कामावर जाऊ शकली.

पद्धत अशी :

- आधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. रुग्ण स्वतः करत असेल आणि व्हीलचेअरची चाकं हाताने फिरवत असेल तर हे फारच गरजेचं.
- लघवीची जागा साबण-पाण्याने धुवावी. बायकांनी नेहमी पुढून मागे धुवावं.
- नळीला डॉक्टरांनी दिलेली जेली लावावी. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावू नये.
- नळी हलक्या हाताने सारावी. अडली तर जोर लावू नये. थोडं थांबावं, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगावं.
- लघवी यायची थांबली की नळी हळूहळू मागे घ्यावी, म्हणजे तळाशी राहिलेलीही निघते.
- किती लघवी निघाली ते वहीत लिहावं. एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त निघत असेल तर दोन वेळांमधलं अंतर कमी करावं.

दिवसाला ४ ते ६ म्हणजे महिन्याला १२० ते १८० नळ्या होतात. प्रत्येक वेळी नवी नळी वापरणं सर्वात उत्तम. पण आपल्याकडे सगळ्या घरांना ते परवडत नाही, म्हणून पुष्कळ जण साधी प्लास्टिकची नळी धुऊन पुन्हा वापरतात. असं करायचंच असेल तर वापरल्याबरोबर ती आतून-बाहेरून साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, झटकून पूर्ण वाळवावी आणि स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावी. ओली नळी पिशवीत कोंबून ठेवली की त्यात जंतू वाढतात. नळी कडक झाली, रंग बदलला, चीर गेली की फेकावी. आधीच बुळबुळीत थर दिलेल्या नळ्या मात्र एकदाच वापरायच्या असतात. एकाची नळी दुसऱ्याला कधीही वापरू नये.

कायम नळी ठेवावी लागली तर

हात चालत नसतील, सांभाळायला कोणी नसेल, तर फोलीची कायम नळी किंवा ओटीपोटातून घातलेली नळी ठेवावी लागते. मग हे पाळावं :

- बॅग नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. गाडीत चढवताना रुग्णाच्या मांडीवर किंवा पोटावर ठेवू नये, लघवी उलटी जाते.
- बॅग दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. आधी आणि नंतर हात धुवावेत.
- नळी आणि बॅगचा जोड विनाकारण उघडू नये.
- नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी, ओढ बसू नये.
- नळीची जागा रोज साबण-पाण्याने धुवावी. अँटिसेप्टिक ओतायची गरज नसते.
- नळी कोणत्या प्रकारची आहे त्यावर बदलायची तारीख ठरते. डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी.

पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर हाही पर्याय असतो. तो रोज बदलावा, चामडीवर लाली, फोड आहे का पाहावं. मात्र त्याने आतला दाब कमी होत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय तो पुरेसा समजू नये.

पाणी, पोट आणि पाठ

दिवसभरात साधारण दोन लिटर पाणी थोडं थोडं करून प्यावं. एकदम तांब्याभर प्यालं की मूत्राशय लवकर भरतं. शहाळं, जवाचं पाणी, ताक यांनी शरीरात पाणी जातं एवढाच त्यांचा फायदा. इन्फेक्शन झाल्यावर त्यावर विसंबून राहू नये. किडनीचा आजार असेल तर शहाळ्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. क्रॅनबेरीच्या गोळ्यांची जाहिरात खूप होते, पण मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये त्यांचा भरवशाचा फायदा सिद्ध झालेला नाही.

संडास साचली की ती मूत्राशयाला दाबते, जंतूही वाढतात. ठरावीक वेळी पोट साफ होण्याची सवय लावावी. बेडसोर असतील तर त्यातूनही ताप येऊ शकतो. त्यामुळे ताप आला की लघवीसोबत पाठ, कुल्ले, टाचा उघडून पाहाव्यात.

वुजू आणि नमाज

लघवी सतत गळते, बॅग लावलेली आहे, मग मी पाक कसा राहू, नमाज कशी होणार? या विचाराने काही रुग्ण नमाज सोडून देतात. काही जण उलट गळू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि इन्फेक्शन ओढवून घेतात. दोन्हीची गरज नाही.

फिकहमध्ये अशा माणसाला माजूर म्हणतात आणि त्याच्यासाठी सवलत आहे. हनफी मसलकात, ज्याला एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही गळतीशिवाय सवड मिळत नाही, तो माजूर ठरतो. मग तो त्या वेळेसाठी एकदा वुजू करतो. लघवी गळली तरी ती वेळ संपेपर्यंत त्या कारणाने वुजू जात नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. शाफई मसलकात वेळ सुरू झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी वेगळा वुजू करतात. पाणी वापरता येत नसेल तर तयम्मुम आहे. उभं राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर आडवं राहून इशाऱ्याने नमाज पढावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्या मसलकाप्रमाणे तपशील जवळच्या आलिमसाहेबांना विचारावा, आणि विचारताना लाजू नये.

नळीच्या वेळा नमाजच्या वेळांशी जोडल्या तर दोन्ही सोपं होतं. फजर, जोहर, असर किंवा मगरिब, आणि इशानंतर झोपण्याआधी अशा वेळा ठरवता येतात. कोणतंही अंतर सहा तासांपेक्षा मोठं होऊ द्यायचं नाही, एवढं पाहावं. इस्तिंजाची पाण्याने धुण्याची आपली सवय चांगलीच आहे, फक्त दिशा पुढून मागे ठेवावी.

रमजानचे रोजे

महाराष्ट्रात रोजा साधारण १३ ते १४ तासांचा असतो. इतका वेळ पाणी नसेल तर लघवी दाट होते, कायम नळी चोंदण्याची भीती वाढते, खडे असतील तर त्रास वाढतो. दुसरी अडचण रात्रीची आहे. इफ्तार ते सहरी या दहा तासांत दिवसाचं सगळं पाणी प्यालं, की मूत्राशय रात्रीच भरभर भरतं. अशा वेळी तरावीहनंतर झोप लागली आणि नळी राहून गेली तर पहाटेपर्यंत ते प्रमाणाबाहेर ताणलेलं असतं. रोजा ठेवणाऱ्याने म्हणून रात्री नळीच्या वेळा वाढवाव्या लागतात, आणि दिवसा लघवी कमी असली तरी नळी बंद करायची नाही.

सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला रोजे पुढे ढकलायची सवलत दिली आहे. ज्याला बरं होण्याची आशा नाही आणि रोजा झेपत नाही, त्याच्यासाठी फिदया आहे. ज्यांना वारंवार इन्फेक्शन होतं, किडनी कमजोर आहे, खडे आहेत, किंवा नुकताच आजार झाला आहे, त्यांनी शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून ठरवावं. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात ईमानाची कमतरता नाही. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी टोमणे मारू नयेत.

नळी घातल्याने रोजा तुटतो का, हा प्रश्नही येतो. १९९७ मध्ये जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लघवीच्या मार्गात घातलेली नळी रोजा तोडत नाही असा ठराव केला. जुन्या फिकहच्या किताबांमध्ये मात्र यावर मतभेद आहेत, विशेषतः शाफई मसलकात आणि बायकांच्या बाबतीत. त्यामुळे आपल्या मुफ्तीसाहेबांना आधी विचारून घ्यावं. रोजा वाचवण्यासाठी नळी चुकवणं मात्र धोक्याचं आहे.

पर्दा, लाज आणि बायकांच्या अडचणी

पुरुष रुग्णाची नळी बहुतेक घरांत बीवी किंवा आई घालते. बाई रुग्ण असेल तर हे काम आई, बहीण, मुलगी, शौहर करतात. इलाजाची गरज असेल तिथे सतर उघडण्याची परवानगी आहे. शक्य तिथे रुग्णाने स्वतःच शिकावं. बायकांना सुरुवातीला आरसा लावून जागा ओळखायला शिकवतात, सरावाने स्पर्शानेही जमतं. हॉस्पिटलमधून सुटी होण्याआधी नर्सबाईंकडून हे शिकून घ्यायलाच हवं. घरातल्या एकाच माणसाला येत असेल तर तो आजारी पडल्यावर घोटाळा होतो, म्हणून किमान दोघांनी शिकावं.

लग्नाला, मय्यतीला, प्रवासाला जायचं म्हटलं की अनेक बहिणी आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात, कारण तिथे व्हीलचेअर जाईल असं बाथरूम नसतं. परतल्यावर दोन दिवसांत ताप येतो. यात त्या बाईचा दोष नाही. सोय करणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.

जमातीने काय करावं

मशिदीत, शादीखान्यात एक रॅम्प, व्हीलचेअर वळेल एवढं एक बाथरूम, कमोड आणि आतून कडी, वुजूखान्यात बसून वुजू करता येईल अशी एक जागा. खर्च फार नाही. आपल्या गल्लीत असे रुग्ण आहेत का, याची जमातीने चौकशी करावी. नळ्या, जेली, युरिन बॅग, कल्चरची तपासणी हा खर्च दर महिन्याचा असतो आणि तो हॉस्पिटलच्या बिलासारखा कुणाला दिसत नाही. घरातला कमावता माणूसच खाटेवर असतो. जकातीस पात्र असलेल्या घरांना एकदाच मोठी रक्कम देण्याबरोबर दर महिन्याच्या नळ्यांची सोय बैतुलमालने केली, तर इन्शाअल्लाह एखाद्याच्या किडन्या वाचतील.

कुठे जावं, काय तपासावं

मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची जुनी संस्था आहे. दिल्लीतलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इथेही मणक्याच्या रुग्णांचं पुनर्वसन होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेजात युरोलॉजी विभाग आहे का ते विचारावं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं, सवलतींसाठी ते लागतं. ॲडमिट व्हावं लागलं तर योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

तब्येत चांगली असली तरी वर्षातून एकदा किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करावी. रक्तातलं क्रिएटिनिनही पाहतात, पण पायांचे स्नायू बारीक झालेल्या माणसात ते प्रत्यक्षापेक्षा चांगलं दिसू शकतं. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर निश्चिंत राहू नये. मूत्राशयातला दाब मोजण्याची युरोडायनॅमिक तपासणी कधी करायची, ते डॉक्टरांना विचारावं. दाब जास्त असेल तर तो कमी करायच्या गोळ्या आणि इंजेक्शनं उपलब्ध आहेत.

घरात एक वही ठेवा. त्यात रोजची लघवी, ताप, नळी बदलल्याची तारीख, आधीचे कल्चर रिपोर्ट आणि घेतलेली औषधं लिहा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी ही वही सोबत असली की नव्या डॉक्टरला योग्य औषध निवडायला वेळ लागत नाही.

अल्लाह सगळ्या बीमारांना शिफा देवो आणि त्यांची खिदमत करणाऱ्यांना हिंमत देवो. आमीन.